लग्नात आमचाच डबा वाजणार

सोयाबीनची मळणी झाली की कुटाराचा ढीग कुणी मुद्दाम लावत नाही. मशीन दाणे एकीकडे टाकतं, कुटार दुसरीकडे उडतं, आणि संध्याकाळी पाहावं तर पुरुषभर उंच ढीग! किश्शांचंही तसंच. मी ते कधी गोळा केले नाहीत. मी स्पीकर बनवत गेलो, किस्से बाजूला पडत गेले.

माझी शाळा चौथीपर्यंत. शेती जवळा बाजार गावची. भंगारातून चांगला स्पीकर हुडकायचा, त्याच्या मापाचा लाकडी खोका करायचा, खोक्यात तो बसवायचा आणि पडवीत ऐकत बसायचं, हा माझा नाद. आम्ही त्याला डबा म्हणतो. डबा मी विकत नाही. भाड्यानं देत नाही. ऐकायचं असेल तर पडवीत या, चहा मिळेल.

येणारे दोघे ठरलेले. एक खाजाभाई, बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे. आता रेडिओ कुणी आणत नाही, तरी दुकान उघडतात. दुसरा तांड्यावरचा रामसिंग. त्याला तारांमधलं काही कळत नाही. कान मात्र असा, की समोरच्या रस्त्यानं कुणाची बैलगाडी गेली ते पाठमोरा बसून सांगतो.

आणि तिसरी, न बोलावता निकाल देणारी, माझी बायको गिरजा.

यंदा नात कोमलचं लग्न ठरलं. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा दत्ता म्हणाला, "हिंगोलीचा डीजे सांगून राहिलो." मी म्हणालो, "माझ्या घरच्या लग्नात भाड्याचा आवाज वाजणार न्हाई. माझा डबा वाजल."

तिथून सगळं पेटलं. पण आधीचं आधी.

*

पहिला डबा लाकडाचा नव्हताच. मडक्याचा होता. मडक्याच्या तोंडावर स्पीकर पालथा घातला की आवाजाला पोट येतं, हे खाजाभाईंनी सांगितलं होतं.

बाजाराच्या दिवशी कुंभारणीपुढे बसलो. एकेक मडकं उचलायचं, बोटानं वाजवायचं, कानाशी धरायचं, खाली ठेवायचं. सगळी रास वाजवून झाली. बाई कंटाळली.

"घ्या की दादा कोनतं बी. पानी गारच राहते."

"पाणी न्हाई ठेवायचं."

"मग काय ठेवता?"

"गाणं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं. म्हणाली, "ठेवा. पन फुटक्या गान्याचं मडकं मी बदलून देनार न्हाई!"

*

डबा चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं? लोक गाणं लावतात आणि मान डोलावतात. मी विचारतो, तो गाणारा तुमच्या समोर बसून कधी गायलाय का? नाही ना? मग बराबर वाजतं हे कशावरून म्हणता?

म्हणून आमचा नियम वेगळा. ज्या माणसाचा आवाज रोज कानावर पडतो, त्याचाच आवाज डब्यातून काढायचा. सारखा निघाला तर डबा पास.

आमच्या घरात रोज कानावर पडणारा आवाज एकच. खाजाभाईंनी टेप आणला आणि म्हशीला हाक मारताना गिरजेचा आवाज भरून घेतला. घरात टेप पहिल्यांदाच आला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. "हे आधी काहून न्हाई आनलं? माय जायच्या आधी आनलं असतं तर..." एवढंच बोलली आणि दूध घेऊन आत गेली.

मग आम्ही तिला डब्यासमोर बसवून तिचाच आवाज ऐकवला. तिनं तोंड वाकडं केलं.

"ही मी न्हाई."

तेव्हापासून प्रत्येक डब्याला तिचा हाच शेरा. लाकूड बदललं, स्पीकर बदलला, टेप जाऊन मोबाइल आला. शेरा तोच!

*

एकदा मला खात्री होती. सागाच्या फळ्यांचा डबा केला होता, सांधे असे की मुंगी शिरणार नाही. पडवीत ठेवला, गिरजेची हाक लावली, "ये चंद्रे, ये, ये..."

गोठ्यात धडपड झाली. चंद्रीनं खुंटा उपटला, दावं फरफटत अंगण ओलांडलं, पायरी चढली आणि डब्याच्या जाळीला जीभ लावली! रामसिंग उठून उभा राहिला. खाजाभाई म्हणाले, "बस, किसनराव! इससे बडा सर्टिफिकेट नहीं."

मी गिरजेला हाक मारली. म्हणालो, "बघ. आता बोल."

ती म्हणाली, "म्हैस फसते. मी न्हाई. आन बोलावलंच हाय तर पेंड बी त्या डब्यालाच घालू द्या!"

*

दुसऱ्या एका डब्यात आवाज घुमत होता, रिकाम्या विहिरीत बोलल्यासारखा. खाजाभाई म्हणाले, आतून कापूस लावा. शेतातला कापूस विकून झाला होता. घरात उशा होत्या. एक उसवली. डबा असा साफ वाजायला लागला की काय सांगू.

पुढं दिवाळीला जावई आले. नेमकी तीच उशी त्यांच्या वाट्याला आली. सकाळी मान वाकडी करून पडवीत बसले.

"मामा, उशीत काहीच न्हाई. कापूस कुठं गेला?"

मी डबा लावला.

"ऐका. किती साफ वाजून राहिला!"

*

दत्ता एकदा हिंगोलीहून चकचकीत ब्लूटूथ घेऊन आला. तांब्याएवढा. निळा दिवा लागतो, वायर नाही. म्हणाला, "बाबा, तुमच्या त्या कपाटापेक्षा हे भारी. लावून बघू."

लावू म्हणालो. मी मागं हटत नाही.

एकच भजन दोन्हीकडून लावायचं ठरलं. रामसिंगला डोळे मिटून बसवलं. त्याला एकच प्रश्न विचारायचा, गाणारा कुठं बसलाय?

आधी माझा डबा लावला. रामसिंगनं बोट उचललं आणि अंगणातल्या बाभळीकडे दाखवलं. "तिथं बसून राहिला. पेटीवाला त्याच्या डाव्या अंगाला हाय."

मग दत्ताचं ब्लूटूथ. रामसिंगनं कान इकडं केला, तिकडं केला. कपाळाला आठ्या पडल्या. घाईनं डोळे उघडून म्हणाला,

"तांब्यात हाय रे! काढा त्याला आधी, मरल बिचारा!"

दत्ता आठ दिवस रामसिंगशी बोलला नाही.

*

डब्याला नावं ठेवणारे पुष्कळ. आत काय ओतलं ते कुणी बघत नाही. खाजाभाई म्हणतात, रेडिओ म्हणजे गावातला माणूस, वारं आलं की बोलणं तुटतं पण ओळख पटते. कॅसेट म्हणजे म्हातारा, खोकतो पण खोटं बोलत नाही. आणि ह्या मोबाइलवरून त्या मोबाइलवर, तिथून तिसऱ्यावर फिरत आलेलं गाणं म्हणजे नुसती अफवा!

कनेरगाव नाक्याला एका ढाब्यावर हे कळलं. मालक खाजाभाईंच्या ओळखीचा. त्याला डबा ऐकायचा होता. मी विकत नाही हे सांगून ठेवलं, तरी ऐक म्हणून घेऊन गेलो. त्यानं आपल्या मोबाइलमधलं गाणं लावलं. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज. गिऱ्हाइकं हसायला लागली. मालक म्हणाला, "काका, डबा काही खास न्हाई."

मी म्हणालो, "धा वेळा पानी घातलेल्या डाळीला भांड्यानं काय करावं?"

मालकाचं तोंड एकदम लाल झालं. "माझ्या डाळीला नाव ठेवायचं काम न्हाई!"

मी तेव्हा डाळीला नाव ठेवलं नव्हतं. जेवल्यावर ठेवलं.

*

तर लग्न. दत्तानं डीजेवाल्याला जागा दाखवायला घरी आणलं. त्या माणसानं अंगण बघितलं, पडवी बघितली, माझा डबा बघितला. हसला. दत्ताही हसला.

डीजेवाला म्हणाला, "काका, आपला आवाज कानात न्हाई, छातीत वाजतो!"

मी म्हणालो, "आमच्याकडं छातीत वाजायला लागलं की मान्साला हिंगोलीला दवाखान्यात नेतात."

तो गेला. दत्ता मात्र चिडला. "लोक काय म्हणतील बाबा? नवरदेवाकडची मान्सं येऊन राहिली. एका खोक्यापुढं बसवायचं त्यायला?"

"बसवायचं."

"खुद्द आई तुमच्या डब्याला पास करत न्हाई, न् तुमी पाहुण्यायला ऐकवता!"

हे बोलणं मला लागलं. कारण खरं होतं.

मी म्हणालो, "ठरलं. लग्नाच्या आत तुझ्या आईनं डब्याला होकार दिला तर डबा. न्हाई दिला तर तुझा डीजे. मग मी एक शब्द बोलनार न्हाई. डबा चुलीत घालीन."

गिरजा दारात उभी होती. "दोघं बी माझ्यावर काहून टाकून राहिले?" म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

*

रामसिंगला माझी काळजी वाटली. मला न सांगता तो गिरजेकडे गेला.

"वहिनी, एकदा व्हय म्हना. तुमचं काय जाते? मान्साचं मन राहीन."

गिरजा म्हणाली, "इतके वरीस त्यायच्या डब्याशी खोटं बोलले न्हाई. आता बोलले तर आधीचं सारं खोटं पडन."

मला हे कळलं तेव्हा मी रामसिंगला पडवीतून उठवलं. "मला उसनं व्हय नको. परत असं केलं तर ह्या पायरीवर पाय ठेवू नको."

तो गेला. दुसऱ्या दिवशी आला, पायरीच्या खाली अंगणात बसला आणि म्हणाला, "पायरीवर पाय न्हाई ठेवला. चहा इथं द्या."

*

मी गोठ्याचा जुना दरवाजा उतरवला. बाभळीचा. इतक्या उन्हापावसात सुकला होता की आता त्याला आणखी वाकायचं उरलं नव्हतं. रंधा मारताना हात भरून आले. दत्ता म्हणाला, "गोठ्याला दार न्हाई, म्हैस पळन." मी म्हणालो, "चंद्री कुठं जाते ते मला माहीत हाय."

डबा झाला. खाजाभाईंनी जोडणी करून दिली. मी म्हशीची हाक लावणार, तेवढ्यात कोमल म्हणाली, "आबा, ती हाक आजीला पाठ हाय. ती मला बोलून राहिली होती, तवा मी गुपचूप भरलंय. ते लावा."

सगळे पडवीत होते. दत्ता खांबाला टेकून उभा. खाजाभाई खुर्चीवर. रामसिंग पायरीच्या खालीच. गिरजा आत भाकरी थापत होती. थाप, थाप, आवाज बाहेर येत होता. तिला बोलवायला कोमल निघाली. मी हातानं थांबवलं आणि डबा लावला.

"खाऊन घे लेकरा. तोंड किती बारीक झालं तुझं. घास तर घे."

आतली थाप थांबली.

गिरजा बाहेर आली. दोन्ही हात पिठाचे. तिनं आमच्यापैकी कुणाकडंही पाहिलं नाही. अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेली, रस्त्यावर इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आत तव्यावरची भाकरी करपत होती, तिचा वास आला.

"कोन आलं होतं?" तिनं विचारलं.

"कुनी न्हाई आई," दत्ता म्हणाला. "तूच हायेस ती. डब्यात."

"मी न्हाई ती."

दत्ता माझ्याकडे वळला. "ऐकलं बाबा? न्हाई म्हनाली. डीजे ठरला."

शब्द दिला होता. वायर काढायला हात पुढं केला.

"हात नका लावू त्याला!" गिरजा फाटकातून ओरडली. मग दत्ताकडे पाहून म्हणाली, "त्या डीजेवाल्याला सांग. माझ्या मायला असं बोलावून दाखव म्हना. न्हाई जमलं तर गाडी हिंगोलीलाच ठेव म्हना."

ती पडवीत आली. पिठाचे हात पदराला पुसले आणि डब्यासमोर खाली बसली.

"लावा परत," मला म्हणाली. "आन आवाज वाढवू नका. माय कधी मोठ्यानं बोलली न्हाई."