मामाजींची आणि माझी घड्याळं

लग्न होऊन मी वर्ध्याहून भिलाईला आले, त्याच वर्षी माझे सासरे स्टील प्लांटमधून रिटायर झाले. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजींची सारी नोकरी शिफ्ट ड्युटीत गेली होती. आता ड्युटी नव्हती, तरी ते पहाटेच उठायचे, दाढी करायचे आणि प्रेस केलेला शर्ट घालून हुडको वसाहतीतल्या आमच्या घराच्या व्हरांड्यात बसून राहायचे. नवरा सकाळीच कामावर जायचा, सासूबाई शेजारच्या बायकांमध्ये रमलेल्या. मी शिकवायची ती शाळा दुपारची. तोवर घरात आम्ही दोघंच, आणि बोलायला विषय नाही.

"चहा घेता का, मामाजी?"

"दे."

संपलं बोलणं.

एकदा आलमारी आवरताना कपड्यांच्या तळाशी मला एक मनगटी घड्याळ सापडलं. चावीचं, स्टीलचं. पांढरी डायल पिवळी पडत पडत दुधाळ चहाच्या रंगाची झाली होती. पट्टा नव्हताच. मी ते घेऊन व्हरांड्यात आले.

"हे तुमचं?"

"ड्युटीवर घालत होतो. बंद पडलं, मंग ठेवून देल्लं. फेक आता, काय करशीन त्याचं?"

मला फेकवेना. तो रंगच मला आवडला होता. शाळेतून येताना स्कूटी पावर हाउस भागातल्या बाजाराकडे वळवली. तिथे एका घड्याळजीने मागचं झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "मशीन बढ़िया है मैडम, तेल सूख गया है बस." त्याने ते साफ करून दिलं, मी तपकिरी पट्टा निवडला, आणि घरी येऊन मामाजींच्या हातात ठेवलं.

त्यांनी ते कानाला लावलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने ओरडले, की सासूबाईंच्या हातातली पोळी तव्याबाहेर पडली. "अवो, ऐकता का? चालून राहिलं नं हे!"

दोन-चार दिवसांनी मी शाळेला निघाले, तर मामाजी फाटकापाशी चपला घालून उभे. "त्या दुकानात अजून असे हायेत का?" विचारताना ते माझ्याकडे नाही, स्कूटीकडे पाहत होते.

अशी सुरुवात झाली. मी मोबाइलवर फोटो पाहून, जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या गटांमध्ये विचारून घड्याळं शोधायची. मामाजी आपल्या जुन्या सोबत्यांच्या घरी जाऊन बसायचे आणि चहा पिता पिता विषय काढायचे, "तुमच्या घरी चावीचं घड्याळ पडलं असंन नं?" पडलेलं असायचंच. कुणी असंच देऊन टाकायचं, कुणी थोडे पैसे घ्यायचं. मामाजींना मोठ्या आकड्यांची, भरभक्कम घड्याळं आवडायची. मला बायकांची आवडायची, चिंचोक्याएवढी, चौकोनी, सोनेरी कडेची. त्यावरून आमचं वाजायचं.

"हे काय घड्याळ हाय? यात टाइम पाहाले दुर्बीण लागंन," ते म्हणायचे.

"आणि तुमचं घातलं तर माझा हात खाली लटकेल," मी म्हणायचे.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही सगळी घड्याळं मांडायचो. चाव्या देणं माझ्याकडे, काचा पुसणं मामाजींकडे. चावी देताना एक क्षण असा येतो, की बोटाला कळतं, आता पुरे. मग ते इवलंसं यंत्र आपल्या तळहातावर सुरू होतं. दहा-बारा एकदम सुरू झाली, की सासूबाई म्हणायच्या, "घरात रातकिडे पाळले तुमी दोघाईनं."

एकदा मामाजी एकटेच बाजारात गेले आणि लालभडक डायलचं एक घड्याळ घेऊन आले. वर परदेशी कंपनीचं नाव. त्यांचा आनंद काय सांगू! मी गटात फोटो टाकला तर लगेच उत्तरं आली: डायल नव्याने रंगवलेली आहे, नाव खोटं आहे, आत भलतंच मशीन असणार. संध्याकाळी धीर करून सांगितलं.

मामाजींनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजे कोण्या कारागिरानं एवढंसं नाव हातानं लिवलं?"

"हो. फसवलं तुम्हाला."

"अक्षर पाय नं त्याचं, बेटा!" ते म्हणाले आणि तेच घड्याळ घालून फिरायला गेले. रस्त्यात भेटेल त्याला 'हे डुप्लिकेट हाय' म्हणून कौतुकाने दाखवत होते.

मग कुणीतरी सांगितलं, की नंदिनी नगरला खाणीच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या एक सिस्टर राहतात, त्यांच्याकडे फार जुनं घड्याळ आहे. त्यांना फोन करून सुट्टीच्या दिवशी आम्ही स्कूटीवर निघालो. ट्रकांची धूळ खात पोहोचलो, तेव्हा आम्हा दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. सिस्टर मूळच्या भंडाऱ्याच्या. दार उघडताच म्हणाल्या, "आधी तोंड धुवा. घड्याळ विकाचं नाही, आत्ताच सांगून ठेवते. पण जेवून जा."

घड्याळ त्यांच्या हातावरच होतं. लहानसं, सेकंदाचा लाल काटा मधोमध. पेशंटची नाडी मोजायला घेतलेलं. त्यांनी मामाजींचा हात धरला, काट्याकडे बघत नाडी मोजली आणि म्हणाल्या, "ठणठणीत हाय तुमी. एवढ्या उन्हात स्कूटीवर फिरता, मंग काय होते तुमाले!" मामाजी शाळकरी पोरासारखे लाजले. आम्ही रिकाम्या हाताने परतलो, पण येताना मामाजी मागे बसून गुणगुणत होते. उतरल्यावर म्हणाले, "त्याईले चौदा एप्रिलले बोलावू. आपले घड्याळ पायतीन."

आणि सिस्टर आल्या. त्या दिवशी विहारातली वंदना आटोपून पाहुणे आमच्या घरी जेवायला जमले होते, रायपूरची माझी नणंदही आली होती, सगळे पांढऱ्या कपड्यांत. मामाजींनी सगळी घड्याळं टेबलावर मांडली. सिस्टर बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे टेबलावर काहून ठेवले? एवढे हात रिकामे हायेत नं घरात!"

झालं. मामाजींनी प्रत्येकाच्या हातावर एकेक घड्याळ बांधायला सुरुवात केली. सासूबाईंना लाल डायल, नवऱ्याला सगळ्यात जड. कुणाचं पाच मिनिटं पुढे, कुणाचं दहा मागे. खीर वाढता वाढता वेळेवरून भांडणं लागली, आणि मोबाइल काढून खरी वेळ बघायची एकालाही इच्छा नव्हती. संध्याकाळी रॅलीत मी मागे वळून पाहिलं, तर हात वर करून घोषणा देणाऱ्या आमच्या माणसांच्या मनगटांवर आमची घड्याळं दिव्यांत चमकत होती.

परतल्यावर मोजली, तर एक कमी. चौकोनी, सोनेरी कडेचं, माझं सगळ्यात लाडकं. शोधाशोध चालू असतानाच रायपूरहून नणंदेचा फोन आला.

"वहिनी, घड्याळ माझ्याच हातावर राहिलं. बसमध्ये लक्षात आलं." मग तिने हळूच विचारलं, "परत पाहिजे का गं?"

खरं सांगते, ते द्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण तिचा आवाज इतका लाडिक होता, की मला हसू आलं. "ठेव तुझ्याकडे," मी म्हणाले.

मामाजींनी माझ्या हातातून फोन घेतला. "रोज सकाळी चावी देजो," त्यांनी लेकीला सांगितलं. "आन हळू देजो. बोटाले समजते."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "उद्या शाळा सुटल्यावर पावर हाउसले जाऊ. तुह्यासाठी तसंच एखादं पाहू, दुर्बिणीवालं."