सुतळीने शिवलेली वही

चिखलीहून एसटी सुटली तशी शेजारच्या बाईंनी पिशवीतून एक वही काढून मांडीवर घेतली. नाव काही मी विचारलं नाही, पण ती वही विसरणं शक्य नाही. पुठ्ठा जुन्या लग्नपत्रिकांचा आणि शिवण सुतळीची, पोत्याचं तोंड शिवतात तशी. मी टक लावून बघतेय हे त्यांना कळलं. वही त्यांनी माझ्याकडे सरकवली, पण हातात दिली नाही. पानं त्याच उलटत राहिल्या.

दर पिकाला एक पान होतं. कांद्याच्या पानावर कांद्याचीच टरफलं चिकटवून केलेला मावळता सूर्य. कपाशीच्या पानावर वाळलेलं फूल आणि त्याच्याभोवती निळ्या पेनाने काढलेली वेल.

"कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"शिकवते कोन? मले आवडते, म्हून करतो."

तेवढ्यात पलीकडच्या सीटवरचा माणूस फोनवर हात ठेवून म्हणाला, "बाई, नंबर लिहाचा हाय. मांगचं एक कोरं पान फाडून द्या बरं."

बाईंनी वही मिटली. चिडल्या नाहीत. आपलं तिकीट त्याच्यापुढे धरलं.

"याच्या मांगं लिहा. ते पान कोरं नाही, भाऊ. त्याच्यावरची तूर आजून वावरात उभी हाय."

माणूस तिकिटावर लिहू लागला.

बाहेर रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी पिवळ्याधमक फुलल्या होत्या. बाई खिडकीतून त्या बघत बसल्या, मान ताठ करून, जणू सगळ्या तुरींनी त्यांच्याच वहीत येण्यासाठी रांग लावली होती.