टोचन लावून आणलेली जीप

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या त्या माणसाला जीप विकायची अजिबात घाई नव्हती, घाई मला होती. एके काळी सेनगावच्या रस्त्यानं प्रवासी वाहिलेली ती जीप त्याच्या खळ्यात बाभळीखाली उभी होती. वरचा कापडी टप फाटलेला, पत्रा जागोजागी गंजानं खाल्लेला, मागच्या सीटवर कोंबड्यांचा संसार. पण समोरची जाळी, दोन्ही दिवे आणि जाड लोखंडी बंपर मात्र अगदी जसेच्या तसे होते. जुन्या गाडीचा असा शाबूत चेहरा हल्ली बघायला मिळत नाही. पत्रा काय, बदलता येतो. स्वस्तात मिळत होती, घेऊन टाकली.

घरी सांगितलं तेव्हा बायकोनं एवढंच विचारलं, "चालत न्हाई तर घेतली काहून?"

"चालती करायलाच घेतली," मी म्हणालो, आणि उगाच आवाज चढवून म्हणालो. कॉलेजच्या कचेरीत दिवसभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारणाऱ्या माणसाला एखादी वस्तू स्वतःच्या हातानं उभी करावीशी वाटते, हे समजावून सांगायची वेळ आली की माझं डोकं तापतं.

इंजिन काढून आधीच हिंगोलीच्या मेकॅनिककडे पाठवलं होतं. उरलेली जीप ट्रॅक्टरच्या मागे बांधून, म्हणजे टोचन लावून आणायची होती. इंजिनच नाही म्हटल्यावर गिअर टाकून वेग रोखण्याचाही प्रश्न नव्हता. ब्रेकचा पायडल दाबला की थेट पत्र्याला टेकत होता. मेकॅनिक म्हणाला होता, "ब्रेक बिलकुल नहीं है साब. दो दिन रुको, मैं आके बिठा देता." पण बाबांनी मुहूर्त काढून ठेवलेला. आमचं घर देवळातल्या पूजेअर्चेचं. हिंगोलीतल्या कितीतरी गाड्यांपुढे बाबांनी नारळ फोडले, पण स्वतःच्या घरी चारचाकी कधी आली नाही. "पहिल्यांदा घरात वाहन येऊन राहिलं, ते काय मुहूर्त टाळून आणायचं?" ते म्हणाले. मलाही दोन दिवस धीर निघत नव्हता, म्हणून मीही हो म्हणालो.

सकाळी खळ्यात पूजा झाली. बंपरला झेंडूचा हार पडला, जाळीवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. ट्रॅक्टरवाल्यानं ओढायला लोखंडी दांडा आणला होता. दांडा लावला की दोन गाड्यांमधलं अंतर कायम राहतं, पुढची थांबली की मागचीही थांबते. ब्रेक नसलेल्या गाडीला तोच एक आधार. बाबांनी सहज विचारलं, "हा दांडा कुठं कुठं वापरता?"

तो बिचारा खरं बोलला. "परवाच वारंगा फाट्याहून ठोकलेली गाडी ओढून आणली, काका. दोघं गेले त्यातले."

बाबांनी हातातलं ताट खाली ठेवलं. "मग हा आमच्या गाडीला लागणार न्हाई."

"बाबा, लोखंडाला सुतक नसतं."

"तुला न्हाई समजायचं ते."

मी ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं. वाटलं, हा तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर तो म्हणाला, "काका बराबर म्हणून राहिले," आणि दांडा उचलून बाभळीला टेकवून आला. जीप विकणाऱ्यानं दुकानातून नवा कोरा दोर मागवला. बाबांनी त्याला हळदीकुंकू लावलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता, पण पूजेच्या जागी वडिलांशी किती वाद घालणार?

त्यावर आणखी एक. घरी येणारं नवं वाहन रिकामं आणायचं नाही, घरच्या लक्ष्मीनं त्यात बसून यायचं, असं बाबांचं म्हणणं. ते स्वतः प्रवासी जीपनं पुढे निघून गेले, दारात ओवाळायची तयारी करायला. बायको पाण्यानं भरलेला कलश घेऊन माझ्या शेजारी चढली.

"उतर," मी म्हणालो. "ब्रेक नाहीत."

"माहिती हाये."

"मग?"

तिनं पदर खोचला, एका हातानं समोरची कडी धरली आणि रस्त्याकडे पाहत बसली. पुढे ट्रॅक्टर सुरू झाला होता.

सपाटीवर जमत होतं. दोर ताणला जायचा, सैल पडायचा, पुन्हा हिसका बसायचा. प्रत्येक हिसक्याला कलशातलं पाणी तिच्या साडीवर सांडत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं मोठ्यानं गाणी लावली होती. त्याला मागचं काही ऐकू जाणार नाही हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा खळं फार मागे पडलं होतं. स्टिअरिंग धरून माझे हात घामानं निसटायला लागले. मी मनातल्या मनात बाबांना, ट्रॅक्टरवाल्याला आणि त्या दोराला आळीपाळीनं शिव्या घालत होतो.

मग उतार लागला. खाली ओढ्यावरचा अरुंद पूल दिसत होता आणि समोरून पुलावर एसटी चढत होती. ट्रॅक्टरवाल्यानं तिला वाट द्यायला वेग कमी केला. आम्ही कशानं करणार? दोर सैल पडून रस्त्यावर लोळायला लागला. ट्रॅक्टरची मागची लोखंडी फळी जवळ यायला लागली. मी ओरडलो. गाणं चालूच होतं. पायडल दाबला, पुन्हा दाबला, सवय म्हणून दाबतच राहिलो. उजवीकडे एसटी. पुलाजवळ रस्ता सपाट होतो, तिथं आपोआप वेग मरेल, थोडं थांबावं, असं एकदा मनात आलं. तेवढ्यात बायकोचे गुडघे दिसले. ती फळी बरोबर त्यांच्या उंचीला होती.

मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. जीप रस्ता सोडून खाली उतरली, दोर ताणला गेला आणि कडकन तुटला. मग शेताचा धुरा, मातीचा उंच बांध. बंपर धुऱ्यावर आदळला, काच फुटल्याचा आवाज आला, जीप वर उडाली आणि पलीकडच्या ओलवलेल्या रानात चाकं रुतून थांबली.

"लागलं का?" मी विचारलं.

"न्हाई."

मी उतरून तिचे हात, कपाळ, गुडघे पाहिले. खरंच काही झालं नव्हतं, मनगटावर नुसता वळ होता. मग समोर गेलो. जाळी आत दबली होती, दोन्ही दिवे फुटले होते, बंपर वाकून एका बाजूला लोंबत होता. ज्या चेहऱ्यासाठी जीप घेतली, तो चेहरा संपला होता. वर रस्त्यावर ट्रॅक्टरवाला कपाळाला हात लावून उभा होता. माझा सगळा राग एकदम उफाळून आला.

"बाबांचा मुहूर्त आणि बाबांची लक्ष्मी!" मी तिच्यावरच ओरडलो. "त्यांनी सांगितलं म्हणून मुकाट्यानं येऊन बसलीस. कशाला बसलीस?"

ती धुऱ्यावर बसून साडीचा काठ पिळत होती. मान वर करून म्हणाली, "बाबांनी सांगितलं म्हणून न्हाई बसले."

"मग?"

"तुमी एकटे येऊन राहिले होते म्हणून बसले. एकटे असते तर शेतात घातलीच नसती तुमी. गाडीला खरचटू नये म्हणून पुलापर्यंत वाट पाहिली असती."

तिला मी सतरा गोष्टी सुनावू शकलो असतो, एरवी सुनावतोही. पण उतारावर मनात आलेला तो विचार मी तिला सांगितलेला नव्हता, आणि तिनं तो गोरेगावातच, जीपमध्ये चढायच्या आधी ओळखला होता. उतारावर मला भीती वाटायला सवडच मिळाली नव्हती. आता त्या ओल्या रानात, फुटक्या काचांपाशी उभ्या उभ्या ती भीती आली, आणि मी तिच्याशेजारी धुऱ्यावर जाऊन बसलो.