उलट्या हाताचे चाचा

चाचा कशालाही तळहात लावत नसत. चहाची किटली असो, इंजिनाचं झाकण असो की शेजारच्या पोराचं तापलेलं कपाळ, उजव्या हाताची पालथी बाजू टेकवायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "तळहात हातोडी धरून धरून मेलेला असतो, त्याला काय कळतंय?" ते म्हणत. "उलटा हात झूठ नहीं बोलता." औरंगाबादेत गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचा मोटार दुरुस्तीचा पत्र्याचा कारखाना होता. 'उलटा हात कुठं बसतो?' असं विचारलं की कुणीही बोट दाखवायचं. खरं नाव कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी तेव्हा एका वकीलसाहेबांची मोटार चालवायचो. आता माझं सांगायचं तर मी जन्माचा भित्रा. साहेबांचा आवाज चढला की मी दोन पावलं मागं सरायचो. पोलीस दिसला की काही केलेलं नसतानाही घाम फुटायचा. मोटारीची तर मला लहानपणापासून दहशत, आणि नशीब बघा, पोटापाण्याला तीच मिळाली! चाचांनी पहिल्याच आठवड्यात माझं बारसं केलं: डरपोक. आई-बापानं ठेवलेलं नाव त्या गल्लीत नंतर कुणी घेतलंच नाही.

ते लढाईचे दिवस होते. साहेबांच्या मोटारीचं इंजिन फुटलं, आणि विलायतेहून नवं येण्याची आशा नव्हती. चाचांनी भंगारातल्या एका लॉरीचं इंजिन उचलून त्या नाजूक मोटारीत बसवलं. शेळीला म्हशीचं काळीज बसवावं तसाच तो प्रकार. इंजिन दांडगं, तापायचंही दांडगं, आणि त्याला गार ठेवणारा रेडिएटर मात्र जुनाच, लहानसा. पाणी फिरवायला पंपसुद्धा नव्हता. मी घाबरून विचारलं, तेव्हा चाचा हसले. "पानी गरम हुआ तो उप्पर जाता, ठंडा हुआ तो नीचे आता. उसकू रास्ता देव, बस. बाकी वो खुद करता."

मग त्यांनी मला पाणी तपासायला शिकवलं. रेडिएटरला दोन रबरी नळ्या, एक वर, एक खाली. वरचीनं चटका दिला आणि खालची कोमट लागली, तर तब्येत ठीक. वरची गरम आणि खालची गार, तर पाणी अडलं. "वर गरम, नीचे ठंडा, तो समज लेना, खेल खतम." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी दर दोन मैलांवर उतरून नळ्या चाचपायचो. वकीलसाहेब मागं बसून वैतागायचे.

चाचांचा दुसरा नियम म्हणजे पाण्यात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. त्या काळी रेडिएटर गळायला लागला की आमचे ड्रायव्हर लोक त्यात चिमूटभर हळद नाहीतर पीठ टाकायचे. ते भोकात जाऊन बसायचं आणि गळती थांबायची. चाचांना कळलं तर ते त्या माणसाला कारखान्यात पाय ठेवू देत नसत. "गळतंय तर मेरेकू बोल. मी कथलाचा डाग लावतो. पीठ कायकू? वो इंजन है, बकरी नहीं!"

आणि मी तेच केलं.

झालं असं, की वैशाखात एका बाजारच्या दिवशी गुलमंडीच्या गर्दीत एका बैलगाडीचं जू मोटारीच्या तोंडावर आपटलं. चूक माझीच, मी माघार घ्यायला हवी होती. बघतो तर रेडिएटरमधून थेंब थेंब पाणी. साहेबांना कळलं तर नोकरी जाणार, चाचांना सांगितलं तर ते साहेबांना सांगणार. नवा रेडिएटर तर लढाई संपेपर्यंत मिळणार नाही. घरी गेलो, डब्यातलं ज्वारीचं पीठ घेतलं. लोक चिमूट घालतात, मी भीतीपोटी चांगल्या दोन मुठी ओतल्या. गळती थांबली. सुटलो बुवा, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अजिंठ्याहून मेहुणा आला. माझी बायको शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी तिथं गेली होती. "भावजी, दोन दिस झाले, शांता अडलीया," तो म्हणाला. "सुईण म्हणती, शहरात न्या, न्हाय तर दोघं बी जात्याल." वकीलसाहेब तापट, पण माणूस सोन्यासारखा. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "उभा काय राहिलास? जा!" मेहुण्याला मागं बसवून मी निघालो, तर गल्लीच्या तोंडाशी चाचा उभे. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. "इंजन मेरा है," म्हणाले, "मी येतो." आणि शेजारी येऊन बसले.

साठ मैलांचा रस्ता, वर आग ओकणारं ऊन. जातानाच गाडी दोनदा उकळली. चाचा उतरले, हात लावला, कपाळाला आठ्या घातल्या. "ऊन लई आहे," मी म्हणालो. "ऊन तो रोज का है," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी समोर बघत होतो. तेव्हाच बोललो असतो तर! पण भित्र्या माणसाचं हेच असतं. एक भीती झाकायला तो दुसरी, तिच्याहून मोठी ओढवून घेतो.

अजिंठ्यात मेहुण्याला घरी उतरवलं, शांताला मागच्या सीटवर आडवं केलं आणि सासूबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. शांताचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. थांबत, गाडी गार करत, पाणी घालत कशीबशी फुलंब्री मागं टाकली. चौक्याचा चढ लागला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. इंजिन धडधडलं आणि मोटार मध्येच उभी राहिली.

चाचांनी हात लावला. वरची नळी विस्तव. खालची नळी, सावलीतल्या दगडासारखी गार.

"पानी अडलंय," ते म्हणाले. "इंजनमें की रेडिएटरच्या जाळीमें? इंजन खोलायचं तर दोन घंटे लागतील. डरपोक, तूने कुछ डाला?"

"नाही," मी म्हणालो.

मागं शांता कण्हली. सासूबाई "अगं बया, अगं बया" करत होत्या. आणि मी, तिचा नवरा, तिथं उभा राहून नाही म्हणालो. आजही ते आठवलं की मला माझीच किळस येते.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला आणि हाताची पालथी बाजू माझ्या गालाला लावली. डोळे मिटले. "तू गरम है," ते म्हणाले. "बोल."

माझा बांध फुटला. "पीठ घातलं चाचा, ज्वारीचं, दोन मुठी. माझं चुकलं, हवं तर जोड्यानं मारा, पण तिला वाचवा."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. चाचा एवढंच म्हणाले, "दोन मुठी? भाकरी थापायची होती व्हय?" आणि लगेच बाह्या सारल्या. "जाळीमें अटका है. पाव घंटे का काम. पळ, त्या विहिरीवरून दोन डबे पाणी आण."

मी म्हणालो, "चाचा, उकळतंय ते! जरा निवू द्या."

त्यांनी मागच्या सीटकडे मान वळवली. "उसके पास टाइम नहीं है."

मी धावत पाणी घेऊन आलो, तेव्हा ते गाडीखाली आडवे होते. खालची नळी सोडवून तार घेऊन रेडिएटरच्या तोंडात टोचत होते. एकाएकी आतला गोळा सुटला आणि उकळती पेज भसकन त्यांच्या उजव्या पालथ्या हातावर आली. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. पीठ चिकटून बसलं. चाचांच्या तोंडून एकच आवाज निघाला, तो मी इथं लिहू शकत नाही. मी डबा घेऊन त्यांच्या हाताकडे धावलो. "हातावर नको," ते दात आवळून म्हणाले, "वरून जाळीत ओत. साफ होऊ दे." खालून पांढरट पाणी येत राहिलं, मग स्वच्छ आलं. नळी त्यांनी डाव्या हातानं बसवली. "आता इंजन चालू कर आणि धार बारीक धर. एकदम ओतलंस तर इंजन तडकेल." मी बारीक धार धरली. माझे हात कधी नव्हे ते स्थिर होते.

पुढचे दहा-बारा मैल चाचांनी उजवा हात खिडकीबाहेर वाऱ्यात धरला होता. सरकारी दवाखान्याच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा ऊन कलत होतं. तासाभरानं नर्सनं येऊन सांगितलं, मुलगी आहे, दोघी सुखरूप आहेत. चाचा तिथंच बाकावर हाताला मलमपट्टी करून घेत बसले होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडलो. "ए डरपोक," ते म्हणाले, "उठ. लोकं बघायलेत."

दुसऱ्या दिवशी मी होऊन वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी तासभर शिव्या दिल्या आणि नोकरीवर ठेवलं. चाचांनी रेडिएटरला डाग लावून दिला.

हात बरा झाला, पण कातडी जाड आणि गुळगुळीत झाली. त्या हाताला गरम-गार काही कळेनासं झालं. चाचांनी मला कधी एका शब्दानं ऐकवलं नाही. नुसतं इतकंच, की कुठलीही गाडी कारखान्यात आली की मला हाक यायची. "डरपोक, उलटा हात लगा. क्या बोलती नळी?" मी सांगायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. तीन-चार वर्षं त्यांचा हात मीच होतो. त्या काळात मी त्यांना एकदाही खोटं सांगितलं नाही.

निजामाचं राज्य जायच्या आदल्या वर्षी चाचांना ताप आला, तो उतरेचना. निरोप आला म्हणून दुपारी गेलो, पोरीलाही नेलं. ती दारात उभी राहिली. चाचांनी मला ओळखलं. "हात लगा," म्हणाले. मी पालथा हात त्यांच्या कपाळाला लावला. चटका बसला.

"वर गरम आहे, चाचा."

"और नीचे?"

चादर सारून पायांना हात लावला. "कोमट आहेत," मी म्हणालो.

त्यांनी तो भाजलेला हात उचलून माझ्या गालाला लावला. त्या हाताला काही कळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तरी त्यांनी डोळे मिटले. "तू गरम है," ते म्हणाले. "बोल."

चौक्याच्या चढावरही मी इतका भ्यालो नव्हतो. "गार आहेत, चाचा. पार गुडघ्यांपर्यंत."

"हौ," ते म्हणाले. "अब बराबर बोल्या." मग त्यांनी पाणी मागितलं. मी त्यांचं डोकं उचलून पेला ओठांशी नेला. त्यांनी एक डोळा उघडून पेल्यात बघितलं.

"पानीच है ना?"

"नुसतं पाणी आहे, चाचा," मी म्हणालो. मग ते दोन घोट प्याले.