चाचांचं पिवळं जग

तब्येतीची चौकशी केली तर खरं उत्तर देणं हा गुन्हा आहे, अशी माझ्या मित्राच्या चाचांची ठाम समजूत होती. धाराशिवच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. फळीवरचा तागा काढतानाही त्यांना धाप लागे, झोपायचं तर भिंतीला टेकून बसल्या-बसल्या. पण कुणीही विचारो, ‘मजेत’ हे उत्तर तयार. शेवटी माझ्या मित्रानंच त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती उघडून काळजातली आखडलेली झडप बोटानं मोकळी केली. परतल्यावर चाचा गिऱ्हाइकांना सांगत, ‘लोकं नुसतं म्हणत्यात काळजाला हात घातला. माझ्या काळजात डॉक्टरनं खरंच बोट घातलंय.’

सोबत दोन गोळ्या आल्या होत्या. एक काळजाची, दुसरी अंगातलं पाणी काढायची. ही दुसरी गोळी घेऊन ते ढोकीला एका लग्नाला निघाले आणि जागोजाग एसटी थांबवावी लागली. कंडक्टर अदबीनं म्हणाला, ‘चाचा, चालत निघाला असता तर आमच्या आधी पोचला असता.’ चाचांनी त्यालाही ‘मजेत’ म्हणूनच सांगितलं.

पुढं मात्र दुकानात भलतंच सुरू झालं. पांढरं धोतर घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी परत पाठवलं. ‘हे घेऊ नगा, पिवळं पडलंय.’ तो म्हणाला, ‘दुधावानी पांढरं हाय की.’ चाचांनी गिरणीवाल्यांना बेईमान ठरवलं, मग धोब्याला झापलं. जेवणाचा तर वासही नको झाला. चाचींनी मला बोलावून सांगितलं, तेव्हा मी चाचांना एकट्यालाच गाठलं. बराच वेळ ते कापडाची घडी नीट करत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘सगळंच पिवळं दिसतंय. पर डॉक्टरला सांगू नका. गोळी बंद करंल. कैक सालांनी आडवं होऊन झोपतोय म्या.’

मी ऐकलं नाही, त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ‘काळजाची गोळी जास्त झाली की असं पिवळं दिसतं. गप्प राहिला असता तर जिवावर बेतलं असतं.’ गोळी काही दिवस बंद झाली, मग अर्धी सुरू झाली. बंदच्या दिवसांत चाचा अंथरुणाला पाठ लावायला घाबरत. चाची शेजारी बसून राहत. पण धाप काही परतली नाही. भूक आली, आणि हळूहळू पांढरं ते पांढरंच दिसू लागलं.

अशाच एका सकाळी मी त्यांच्याकडं बसलो होतो. चहा देताना चाचींच्या डोईवरचा पदर सरकला. चाचा बघतच राहिले.

‘केस कवा पांढरे झाले गं तुझे?’

‘तुमी मुंबईला होता तवा,’ चाची म्हणाल्या आणि पदर सावरून आत गेल्या.

चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. त्या दिवशी दुकान बऱ्याच उशिरा उघडलं.