घुगरीतला राजा

मोहियोद्दीनने भिकाबाईला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वसमतचा आठवडी बाजार बंद पडायचाच बाकी राहिला. घड्याळं दुरुस्त करणारा हा सभ्य माणूस डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून टेबलावरून उडी मारून रस्त्यावर आला आणि एका परक्या बाईच्या गालाशी नाक नेऊन उभा राहिला. हळदीच्या गाड्या थांबल्या. एका बैलाने म्हणे तोंडातला कडबा खाली ठेवला.

"काहून बघून राहिला रे मुडद्या?" भिकाबाईने चप्पल काढली.

"तुमाला न्हाई बाई, राजाला!"

तिचा नवरा धनसिंग पोट धरून हसत सुटला, म्हणून मोहियोद्दीनचे दात वाचले. त्या हसण्यातच दोघांची दोस्ती झाली. साल एक्क्याण्णव.

भिकाबाई हट्ट्याजवळच्या तांड्यावरची. केसांतून गालावर लोंबणाऱ्या तिच्या डाव्या घुगरीला आजेसासूपासून चालत आलेलं चांदीचं नाणं जोडलेलं होतं. त्यावर बाकदार नाकाचा, डोक्यावर पानांची माळ घातलेला माणूस. मोहियोद्दीनला जुन्या नाण्यांचं वेड होतं, आणि त्यातही रोमच्या. आजवर त्याला सापडलेले सगळे रोमन बादशाह शेवटी निजामाचे निघाले होते. एक तर औषधाच्या बाटलीचं झाकण निघाला. "या माणसाला भुईमुगाच्या टरफलावर पण बादशाह दिसतो," असं त्याची बायको फातिमाबी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पण हे नाक खरं होतं. कडेची अक्षरं वाचायला, मागची बाजू बघायला ते नाणं फक्त एकदा हातात यायला हवं होतं.

"घुगरी उतरत न्हाई, भाई," धनसिंग म्हणाला. "नवरा हाय तवर बाईनं काढायची न्हाई. आमचा रिवाजच हाय तसा. मी मेलो की बघा निवांत."

तो हसला. मोहियोद्दीनही हसला, आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

पुढे त्याने नाण्याचं नाव काढलं नाही. धनसिंग बाजारच्या दिवशी दुकानात चहाला यायचा, आपलं कधीच न बिघडणारं घड्याळ दुरुस्तीला द्यायचा, शिव्या देऊन परत घ्यायचा. भिकाबाई शेजारी उभी असली की मोहियोद्दीन खाली मान घालून स्प्रिंग शोधत बसे. धनसिंगला नुसता खोकला झाला तरी याचं काळीज चोरासारखं धडधडे. माझ्या मनात तर काही नाही ना, असं तो स्वतःलाच विचारायचा आणि उत्तर ऐकायला घाबरायचा. पुढे खोकला छातीत उतरला, तेव्हा दुकान बंद ठेवून धनसिंगला नांदेडच्या दवाखान्यात यानेच नेलं. खाटेशी यानेच रात्री काढल्या. इतकी दुवा त्याने सख्ख्या भावासाठीही मागितली नव्हती.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात धनसिंग गेला.

दिवसकार्य झाल्यावर भिकाबाई दुकानात आली. गाल मोकळे होते. तिने पदराची गाठ सोडून नाणं टेबलावर ठेवलं.

"घ्या भाई. त्येच म्हनले व्हते, तुमालाच द्यायचं."

मोहियोद्दीनने भिंग लावलं. नाणं उलटलं. पुन्हा सुलटलं. मागची बाजू घुगरीला जोडताना सोनाराने डाक लावून चपटी झालेली. पुढच्या बाजूला नाक नव्हतं. माळ नव्हती. अक्षरं नव्हती.

"कसं चमकून राहिलंय, न्हाई?" ती म्हणाली. "तुमी म्हनला व्हतात, राजा हाय. तवापासून दर सणाला चिंच आन् इटकराची भुकटी लावून घासत आले. केसातल्या केसात. ह्येच्यावर लई मेहनत केली बघा. दिसला का राजा?"

मोहियोद्दीनने भिंग डोळ्यावरून काढलं नाही.

"दिसला, भाबी," तो म्हणाला. "बराबर रोमचाच हाय."

त्याच वर्षी त्याने ते औरंगाबादला एका जाणकाराकडे नेलं. जाणकाराने चांदी खरी असल्याचं सांगितलं. नाणं कुठलं, ते सांगता येत नाही म्हणाला.