तिनं न उघडलेलं कुलूप

चाकणच्या पट्ट्यात मेंटेनन्सला काम करणाऱ्या माणसाची जीभ कशी असते, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. लाईन बंद पडली की मॅनेजर डोक्यावर येऊन उभा, ऑपरेटर हाताची घडी घालून बाजूला उभा, आणि विजेच्या पॅनेलमध्ये डोकं घालून बसलेले आम्ही. मग आमचे आम्हीच एकमेकांवर राग काढतो. ‘भावा, डिप्लोमा काय रेशनवर मिळाला का तुला?’ असं म्हणायचं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्याच डब्यातली चटणी मागून खायची. यात कुणाला काही वाटत नाही. माझ्या तोंडाचा पट्टा तर दोन प्लांटमध्ये माहीत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानही होता.

अशा लोकांचा ऑनलाइन ग्रुप काढायचं तिच्या डोक्यात आलं. ती म्हणजे माझ्या आधीच्या कंपनीतली मेंटेनन्स इंजिनियर. माझ्याहून बरीच लहान, मला दादा म्हणते. मशीनचा प्रोग्रॅम, सेन्सर, मोटर, पॅनेल, काहीही अडलं तर ग्रुपवर मराठीत विचारायचं आणि ज्याला येतं त्यानं सांगायचं, एवढी साधी कल्पना. इंग्रजीत विचारायची लाज वाटणारी पोरं आमच्याकडे काही कमी नाहीत, त्यामुळे भोसरीपासून रांजणगावपर्यंतची माणसं धडाधड आत आली. मी तोवर हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या बाजूला गेलो होतो आणि मारुंजीत भाड्यानं राहत होतो. संध्याकाळी मला काही उद्योग नसतो हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं मलाही ॲडमिन करून टाकलं.

सुरुवातीला मजा आली. मग हळूहळू प्रश्न यायचे कमी झाले. विशेषतः नवीन पोरं आणि मुली तर गप्पच झाल्या. कारण उघड होतं. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात मशीनपाशी, जे बोलून चालतं ते लिहून चालत नाही, कारण तिथे मागाहून चटणी मागायची सोय नसते. बोललेलं शॉपच्या आवाजात विरून जातं, लिहिलेलं मात्र दुसऱ्या दिवशीही तिथंच असतं आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागलेली असते.

मी म्हटलं, नियम लिही. शिवीगाळ करू नये, सर्वांचा आदर राखावा, वगैरे. ती हसली.

‘दादा, येथे थुंकू नये असं लिहिलेली भिंत बघितली आहे ना तुम्ही?’

मग तिनं जे काढलं ते आमच्याच कामातलं होतं. मशीनमध्ये हात घालण्याआधी आम्ही मेन स्विच बंद करतो आणि त्याला स्वतःचं लाल कुलूप लावतो. चावी स्वतःच्या खिशात. आतला माणूस बाहेर येऊन स्वतः कुलूप काढत नाही तोवर ते मशीन कुणीही चालू करायचं नाही. सुपरवायझर नाही, प्लांट हेड नाही, कुणीच नाही. तिनं ग्रुपवर लिहिलं: बोलणं लागलं तर त्या विषयाखाली कुलपाचं चित्र टाका. ज्यानं टाकलं त्यानं काढेपर्यंत त्या विषयावर कुणी अक्षर लिहायचं नाही. कुलूप असतानाही कुणी लिहिलं, तर ते निघेपर्यंत त्याचं तोंड बंद, म्हणजे ग्रुपवरच म्यूट. आणि कुलूप ॲडमिनलाही काढता येणार नाही.

लोकांनी भरपूर टिंगल केली. दोन दिवस चेष्टेत नुसती कुलपं पडत होती. नंतर तळेगावच्या एका मुलीनं खरोखर लावलं. मोटरबद्दलच्या तिच्या प्रश्नाखाली कुणीतरी ‘मॅडम, मिक्सर नाहीये हा’ असं लिहिलं होतं. सगळे जागच्या जागी थांबले. दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यानं तिची माफी मागितली, तिनं कुलूप काढलं, आणि बोलणं परत मोटरवर आलं. तेव्हा मला त्यातली खुबी कळली. कुलूप पाहिल्यावर शॉपमध्ये कुणी विचारत नाही, की बाबा तुझा हात खरंच आत आहे का. एवढ्याशा गोष्टीचं काय लागलं तुला, हा प्रश्नच तिनं काढून टाकला होता. भल्या भल्या कंपन्यांच्या जाडजूड नियमावल्या मी वाचल्या आहेत, पण असलं काही मला त्यांत सापडलं नाही. मी तिला तसं सांगितलंही, तर म्हणाली, ‘पुरे दादा.’

आता सरांबद्दल सांगतो. सर म्हणजे तिचे गुरू, आणि आमच्या पट्ट्यातल्या अर्ध्या लोकांचे. रिटायर होऊन दापोडीत रेल्वेलाईनशेजारी राहतात, पण मोठं मशीन बसलं की कंपन्या आजही त्यांनाच बोलावतात. ती ट्रेनी म्हणून लागली तेव्हा तिला साहेबांनी टेबलाशी बसवून आकडे भरायला दिले होते. सरांनी तिच्या हातात मीटर दिला आणि सरळ पॅनेलसमोर उभं केलं. अजूनही ब्रेकडाऊनला सर आत शिरतात आणि ती बाहेर स्विचपाशी उभी राहते. ग्रुपवर सरांचं उत्तर आलं की बाकीचे गप्प ऐकायचे. ग्रुप चालत होता तो बराचसा सरांमुळेच.

आणि नेमके सरच घसरले.

बीडकडचा एक जण चाकणच्या लहान शॉपमध्ये पॅनेलचं वायरिंग करायचा. त्याचा सेन्सर मधूनच बंद पडत होता, म्हणून त्यानं पॅनेलचा फोटो टाकून विचारलं. वायरिंग गचाळ होतं, यात वादच नाही. सरांनी लिहिलं, ‘हे पॅनेल आहे की सुगरणीचं घरटं? सुगरण तरी नीट विणते.’ झालं. हसणाऱ्यांची झुंबड उडाली. वर फोटोच्या कोपऱ्यात पोपटी रंगाचं प्रेस मशीन दिसत होतं. आमच्याकडे लोक मशीन रंगावरून ओळखतात, त्यामुळे शॉप कुठलं हे लगेच फुटलं. एका शहाण्यानं तर शॉपच्या मालकालाच ग्रुपमध्ये बोलावून फोटो दाखवला.

त्या माणसानं कुलूप लावलं. सरांनी कुलूप असतानाच लिहिलं, ‘कुलूप कसलं लावतोस, आधी वायरी घट्ट लाव.’ मग आणखी एक, ‘जमत नसेल तर रसवंती टाक.’

तिनं सरांना म्यूट केलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. मी फोन करून म्हटलं, हाकलून दे, कितीही मोठा माणूस असू दे. ती शांतपणे म्हणाली, ‘नियमात म्यूट आहे. हाकलणं नाही. आणि ते माझे सर आहेत, दादा.’

पुढचे दिवस वाईट गेले. सरांना म्यूट करणारी ही कोण टिकोजीराव, असं लोक उघड लिहू लागले. काही जण ग्रुप सोडून गेले. अवघड प्रश्न तसेच पडून राहू लागले. आणि ज्याचं कुलूप होतं तो गडी एकदम गप्प. लोक तिला म्हणत, तू ॲडमिन आहेस, उघड की. तिचं उत्तर एकच, कुलूप माझं नाही.

मी म्हटलं, निदान त्याला फोन तरी करतो. तिनं साफ नाही म्हटलं.

‘आणि काय सांगणार? लवकर काढा म्हणून? आत गेलेल्या माणसाला कुणी सांगतं का, आटप, प्रॉडक्शन थांबलंय?’

‘सांगतात,’ मी म्हटलं.

‘मग काय होतं?’

बोट गेलेला माणूस शोधायला आमच्याकडे लांब जावं लागत नाही.

गुरुपौर्णिमेला ती दरवर्षी सरांकडे जाते. त्या वर्षी मला म्हणाली, दादा, तुम्ही पण चला. मी गेलो. काकूंनी दार उघडलं. सर खुर्चीत पेपर वाचत होते. ती पायाशी वाकली तर त्यांनी पाय मागे घेतले. मला तिथंच उठून काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं काकूंच्या हातून चहा घेतला.

‘म्हणजे मी आता गप्प बसायचं,’ सर पेपरमधूनच म्हणाले.

‘त्यांनी कुलूप काढेपर्यंत, सर.’

‘तूच काढ ना मग. ग्रुप तुझाच आहे ना?’

‘कुलूप माझं नाही, सर.’

‘मी सांगतोय तरी?’

‘तुम्ही सांगताय तरी.’

सरांनी पेपर उलटला. तिनं आणलेले पेढे टेबलावर ठेवले आणि आम्ही निघालो. खाली गल्लीत आल्यावर ती स्कूटरपाशी नुसती उभी राहिली. डोळे भरून आले होते.

‘सर नसते तर मी आजही आकडेच भरत असते, दादा.’

‘मग उघड ना बाई ते कुलूप,’ मी वैतागून म्हटलं. तिची अवस्था मला बघवत नव्हती.

तिनं नाही म्हणून मान हलवली, हेल्मेट घातलं आणि गेली. मी बसस्टॉपकडे चालताना विचार करत होतो, की अख्ख्या पट्ट्यात सरांना नाही म्हणणारं एक माणूस आहे, आणि ते नेमकं सरांवर सगळ्यात जास्त जीव असणारं आहे. मला तिचं फार कौतुक वाटलं आणि तेवढीच तिची काळजीही वाटली.

काही दिवसांनी त्या बीडच्या गड्यानं आपण होऊन कुलूप काढलं. लिहिलं होतं, ‘मालकानं काम ठेवलं माझं. पॅनेल पुन्हा करायला लावलं. सर बोलले ते खरं हाय, पण समद्यांसमोर बोलले.’ तिनं त्याच क्षणी सरांचं म्यूट काढलं. ती रोज ग्रुप उघडून बघायची, मला ठाऊक होतं, कारण मीही बघायचो. सरांचं नाव ग्रुपमध्ये होतं, पण ते हूं की चूं करत नव्हते. मला वाटलं, गेलं, ही या माणसाला कायमची मुकली.

पावसाळा सरत आला तेव्हा तिच्या कंपनीत माझं दोन दिवसांचं काम निघालं. आम्ही गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. दोघांचेही फोन एकदम वाजले. ग्रुपवर सरांचा मेसेज होता. त्या गड्याला उद्देशून.

‘तुम्ही विचारायला आला होता, मी हसलो. माझं चुकलं. पॅनेल नीट कसं बांधायचं ते बसून दाखवल्याशिवाय कळत नाही. रविवारी दापोडीला या. येताना तुमचा कटर आणा, आणि जेवूनच जा.’

ते वाचतोय तोवर तिचा फोन वाजू लागला. सरच होते. रस्त्यावर कंटेनरचा खडखडाट चाललेला, म्हणून तिनं स्पीकर लावला आणि फोन आमच्या दोघांच्या मधे धरला.

‘वाचलंस का?’

‘हो सर.’

‘त्या दिवशी घरी तू मला नाही म्हणालीस. मला राग आला होता. खूप आला होता. पण पोरी, माझ्या सांगण्यावरून तू ते उघडलं असतंस ना, तर यापुढं तू बाहेर उभी आहेस या भरवशावर मी कुठल्याच मशीनमध्ये हात घातला नसता.’

ती ‘हो सर’ म्हणायला गेली, पण तिला ते म्हणता आलं नाही. फोन मी तिच्या हातातून घेतला आणि सरांना सांगितलं की ती ऐकतेय.